घाणेरी तोडण्याआधी गव्हाण भरा

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एका गावातून आलेल्या पत्राचा गोषवारा असा. पत्रलेखक तरुण शेतकरी आहेत. कारखान्यातील नोकरी सोडून ते गावी परतले आणि घरच्या दोन गावठी गाई व एका म्हशीच्या जोडीला त्यांनी या उन्हाळ्यात बाजारातून एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकराच्या तीन कालवडी आणल्या. जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाल्यावर त्यांतील दोन कालवडींनी चारा सोडला, शेण घट्ट होऊन जवळजवळ थांबले, लघवी गडद झाली, डोळे पिवळे पडले आणि अंगावरच्या पांढऱ्या भागाची कातडी लाल होऊन सोलवटू लागली. घरच्यांनी तेल आणि ताक पाजून पाहिले. चौथ्या दिवशी आलेल्या पशुवैद्यकांनी घाणेरी या काटेरी झुडपाच्या पाल्याची विषबाधा असल्याचे सांगितले. एक कालवड आठवड्याच्या आत मेली आणि दुसरी अजून अत्यवस्थ आहे. तिसरी पायाला लागल्यामुळे गोठ्यातच बांधून होती, तिला काहीही झाले नाही. चुलत्यांचे म्हणणे असे, की आपली जनावरे पिढ्यान्‌पिढ्या याच माळावर चरतात, जनावराला काय खावे ते कळते, दोष संकरित जातीचाच आहे. माळाला लागून असलेल्या चुलतभावाच्या बांधावर घाणेरीचे दाट कुंपण आहे आणि रानडुकरांच्या भीतीने तो ते काढायला तयार नाही. पत्रलेखक विचारतात: येत्या उन्हाळ्यात माळ पेटवून द्यावा, की तणनाशक मारावे? चुलतभावावर तक्रार करावी का? की जनावरे विकून पुन्हा नोकरी धरावी?

नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण पत्राच्या मध्यावर ओघात लिहून गेलेल्या एका वाक्याशी मी अधिक वेळ थांबलो. मे महिन्याच्या अखेरीस कडबा संपला, नवा घ्यायचा तर भाव परवडेना, आणि ‘पाऊस आलाच आहे, माळावर काहीतरी मिळेल’ या भरवशावर जनावरे सकाळी उपाशीच सोडली गेली, असे ते वाक्य आहे. माझे बरेचसे उत्तर त्या वाक्यापाशीच आहे. परंतु एक कालवड अजून जिवंत आहे आणि हे वाचणाऱ्या आणखी कोणाच्या गोठ्यात आज असेच जनावर उभे असू शकेल, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

घाणेरीच्या पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्ये असतात. ती आतड्यातून शोषली जाऊन यकृतात पोहोचतात आणि पित्ताची वाट अडवतात. यकृत बिघडले की कोटीपोटाची, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटाची, हालचाल मंदावते, त्यामुळे खाल्लेली पाने पुढे न सरकता तिथेच पडून राहतात आणि जनावराने तोंड मिटले तरी विष आतल्या आत झिरपत राहते. ‘दोन दिवस वाट पाहू, आपोआप उतरेल’ हा विचार या विषबाधेत महागात पडतो तो याच कारणाने, कारण येथे विषाचा साठा पोटातच असतो आणि तो निकामी करणे किंवा बाहेर काढणे हाच उपचाराचा गाभा असतो. त्यासाठी पशुवैद्यक सक्रिय कोळशाची भुकटी क्षारांच्या पाण्यात कालवून नळीवाटे पोटात सोडतात. तिचे प्रमाण जनावराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ५ ग्रॅम धरले जाते, म्हणजे अडीचशे किलोच्या कालवडीला सव्वा किलोच्या आसपास भुकटी लागते. ती न मिळाल्यास बेंटोनाइट माती त्याच प्रमाणात वापरता येते, मात्र तिचा गुण यायला अधिक वेळ लागतो. चुलीतला कोळसा कुटून हे काम होत नाही. बाधा फार तीव्र असेल आणि जनावराच्या अंगात तेवढी ताकद उरली असेल, तर कोटीपोट उघडून पाने बाहेर काढण्याची शस्त्रक्रियाही पशुवैद्यक सुचवू शकतात.

तेल आणि ताक पाजण्यामागची तुमच्या घरच्यांची तळमळ मला कळते, पण अशक्त जनावराची मान वर करून बाटलीने काहीही ओतल्यास ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज येण्याचा धोका मोठा असतो. पातळ औषध द्यायचेच असेल, तर ते पशुवैद्यकांच्या हातून नळीनेच जाऊ द्यावे. गावात दवाखाना नसेल किंवा डॉक्टर दौऱ्यावर असतील, तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते.

घरी करण्यासारखी आणि खरोखर उपयोगाची गोष्ट म्हणजे सावली. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्य पचताना जनावराच्या पोटात फायलोएरिथ्रिन नावाचे एक द्रव्य तयार होते आणि निरोगी जनावर ते पित्तावाटे बाहेर टाकते. पित्त अडले की ते रक्तात साठते, कातडीपर्यंत पोहोचते आणि तिथे ऊन पडले की कातडी होरपळते. काळ्या रंगाखालची कातडी या उन्हापासून बरीचशी बचावते, म्हणून तुमच्या कालवडींचे पांढरे पट्टे सोलवटले आणि शेजारचा काळा भाग शाबूत राहिला. अशा जनावराला दिवसभर अंधाऱ्या गोठ्यात ठेवावे, हिरवा चारा पूर्ण बंद करून वाळलेला कडबा किंवा गवत द्यावे, समोर स्वच्छ पाणी कायम असावे आणि सोललेल्या जागी माशी बसून अळ्या पडू नयेत म्हणून डॉक्टरांनी दिलेले मलम नेमाने लावावे. यकृत सावरेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, तिला उन्हात बांधू नये. तिने पुन्हा खायला सुरुवात केली म्हणून लगेच माळावर सोडणे ही घाई ठरेल. म्हैस पाळणाऱ्या वाचकांनी एक लक्षात ठेवावे, की काळ्या अंगावर हे भाजणे सहसा दिसत नाही. तिथे डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि शेण यांवरच नजर ठेवावी लागते.

आता निदानाविषयी. घाणेरी हे डॉक्टरांचे निदान मला पटते, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे गोठ्यात बांधून राहिलेली तिसरी कालवड. तरीही डोळे पिवळे दिसले की प्रत्येक वेळी घाणेरीच असेल, असे धरून चालू नका. संकरित जनावरांना पावसाळ्याच्या तोंडाशी गोचिडांमुळे होणारे थायलेरिया, बबेशिया आणि अॅनाप्लाझ्मा हे आजारही गाठतात आणि त्यांतही कावीळ दिसते. अॅनाप्लाझ्मात तर शेणही असेच घट्ट होते. फरक कळण्याची पहिली खूण म्हणजे ताप. गोचीडजन्य आजारांत सुरुवातीला तो बहुधा जोराचा असतो, तर नुसत्या घाणेरीच्या बाधेत सहसा नसतो. बबेशियात लघवी लालसर किंवा कॉफीसारखी होते, घाणेरीत ती गडद पिवळी ते तपकिरी असते. थर्मामीटरची किंमत फार नसते आणि प्रत्येक गोठ्यात तो असायला हवा. शंका उरल्यास रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेऊन तपासता येतो. दोन्ही आजारांचे उपचार अगदी वेगळे असल्यामुळे ही तपासणी टाळू नये.

मेलेली कालवड तुम्ही लगेच पुरलीत. त्या दुःखात आणखी काही सुचणे अवघडच होते, पण अशी वेळ आलेल्या इतर वाचकांनी पुरण्यापूर्वी शवविच्छेदन करून घ्यावे. सुजलेले पिवळट यकृत, तुडुंब भरलेले पित्ताशय आणि कोटीपोटात सापडलेली पाने पाहिली की तर्काला जागा उरत नाही. शिवाय जनावराचा विमा असेल, तर कानातल्या बिल्ल्याबरोबर हा अहवालही दाव्यासाठी लागतो.

चुलत्यांचे म्हणणे मी सहज बाजूला सारणार नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. ज्या माळावर जनावर जन्मते तिथले बरे-वाईट ते आईमागे फिरताना शिकते, आणि घाणेरीचा उग्र वास व खरखरीत पान त्याला एरवी नकोसेच वाटते. तुमच्या गावठी गाई वाचल्या त्यामागे हे शिक्षण आहे. तुमच्या कालवडी मात्र बहुधा दावणीवर वाढलेल्या, बाजारातून आलेल्या आणि या माळाशी अनोळखी अशा होत्या. घाणेरीच्या विषबाधेत नव्या मुलखात आणलेली जनावरे सर्वांत आधी सापडतात, हा अनुभव जगभर नोंदलेला आहे. तेव्हा दोष जातीचा म्हणण्यापेक्षा ओळख नसण्याचा आहे. बाजारातून आणलेले खिल्लार खोंडही त्या सकाळी त्या माळावर उपाशी सोडले असते, तर त्याचीही मला तितकीच काळजी वाटली असती.

चुलत्यांच्या म्हणण्याचा उरलेला अर्धा भाग भुकेपुढे टिकत नाही. जूनचा तो पंधरवडा डोळ्यांसमोर आणा. गवत अजून जमिनीतून डोके काढते आहे, जुने वाळलेले संपले आहे, आणि घाणेरी मात्र पहिल्या सरीबरोबर कोवळ्या पानांनी भरून आली आहे. साऱ्या माळावर तोंडात मावेल एवढे हिरवे तेवढेच दिसते. ताजी पाने वजनाच्या सुमारे एक टक्का पोटात गेली तरी बाधा होऊ शकते. अडीचशे किलोच्या कालवडीच्या बाबतीत हा हिशेब अडीच किलोंचा होतो, आणि रिकाम्या पोटी तेवढा पाला ओरबाडायला तिला सकाळचा एक फेरा पुरतो. चारशे किलोच्या गाईला दिवसाला दहा-बारा किलो कोरडा आहार लागतो. तो गोठ्यात मिळालेला असेल, तर ती घाणेरीपाशी थांबत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला कुऱ्हाडीचा नाही. माळावर सोडण्याआधी प्रत्येक जनावराच्या गव्हाणीत तीन-चार किलो कडबा किंवा वाळलेले गवत पडले पाहिजे, विशेषतः मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत.

यावर तुम्ही म्हणाल, की कडबा परवडत नव्हता म्हणूनच तर हे घडले. ते खरे आहे आणि त्याचे उत्तर जूनमध्ये नाही, ऑक्टोबरात आहे. पावसाळ्यानंतर माळावरचे गवत फुलोऱ्यात असतानाच कापून वाळवले, तर त्यात पोषण टिकते. आपण बहुतेक ते पूर्ण वाळून काडी झाल्यावर कापतो किंवा उभेच सोडून देतो. मक्याचा मूरघास पिशव्यांत भरून ठेवला तर उन्हाळा निघतो. विहिरीला मार्चपर्यंत पाणी असेल, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले फुले जयवंत हे संकरित हत्तीगवत थोड्या गुंठ्यांतही तीन-चार जनावरांना आधार देते. आणि हे सारे जमले नाही, तर एप्रिलमध्ये जनावरे वाढवू नयेत. तुमच्या तीन कालवडी दिवाळीच्या सुमारास घेतल्या असत्या, तर त्यांना या माळाची ओळख गवत असताना झाली असती.

‘शेळ्या तर घाणेरी खातात आणि त्यांना काहीच होत नाही,’ असे अनेक वाचक लिहितात. शेळी थोडे-थोडे आणि तऱ्हेतऱ्हेचे ओरबाडते, त्यामुळे ती पुष्कळदा निभावते, पण तिलाही बाधा झाल्याच्या नोंदी आहेत. मेंढ्यांची तर खात्रीच देऊ नये. शेळ्या सोडून घाणेरीचा बंदोबस्त करण्याची कल्पना मनातून काढून टाकलेली बरी.

झुडूप ओळखण्यात तुमची चूक होणार नाही, पण गावागावांत नावे बदलतात म्हणून सांगतो. देशावर हिला टणटणी म्हणतात, विदर्भात रायमुनिया. फांद्या गोल नसून चौकोनी असतात आणि त्यांवर मागे वळलेले बारीक काटे असतात. पाने समोरासमोर, कडेला दातेरी आणि पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागतात. चुरगळली की उग्र वास बोटांना चिकटून राहतो. फुलांचे लहान गुच्छ असतात आणि एकाच गुच्छात दोन रंग दिसतात, कारण नवे फूल बहुधा पिवळे असते आणि जुने होताना गुलाबी, नारिंगी किंवा लाल होत जाते. हिरव्या मण्यांसारखी फळे पिकून काळी-जांभळी होतात. लाल फुलांची घाणेरी अधिक विषारी असते असा एक सर्वसाधारण अनुभव आहे, पण त्यावरून गुलाबी फुलांची निर्धोक ठरवू नये. रानमोडीशी तिची गल्लत होते, परंतु रानमोडीला काटे नसतात आणि तिची फुले पांढुरक्या दोऱ्यांच्या झुपक्यांसारखी असतात. गावाकडची मुले घाणेरीची पिकलेली फळे खातात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हिरव्या फळांपासून मात्र त्यांना दूरच ठेवावे.

आता माळ पेटवण्याविषयी. राग समजण्यासारखा आहे, पण आग घाणेरीचे फार काही बिघडवत नाही. वरचा पाला जळतो आणि खोड व मूळ यांच्या जोडापासून पावसाबरोबर अनेक नवे धुमारे फुटतात. ते पहिल्यापेक्षा कोवळे असतात, म्हणजे जूनमधल्या उपाशी जनावराच्या तोंडाशी तुम्ही ताटच मांडून ठेवता. त्याच आगीत गवताचे ठोंब आणि झाडांची रोपे जळतात व मोकळी झालेली जागा घाणेरीच पुन्हा बळकावते. शिवाय डोंगरउताराची आग तुमच्या हद्दीत थांबत नाही, आणि वनविभागाच्या जमिनीत ती शिरली तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली तो गुन्हा ठरतो. नुसते कोयत्याने वरवर छाटण्याचाही परिणाम हाच, दर वर्षी झुडूप अधिक दाट. जेसीबी लावला तर काम एका दिवसात झाल्यासारखे दिसते, पण उलथलेल्या मातीत पडलेले बी जोमाने उगवते आणि उतारावरची माती पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला जाते.

उपाय मुळाशी आहे, आणि तो फार खोल खणण्याचा नाही. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली आणि उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात ती वापरली गेली. घाणेरीला पुन्हा फुटण्याची ताकद खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या जोडातच असते. त्या जोडाच्या खाली, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागापासून तीन ते पाच सेंटिमीटर आत, मुख्य मूळ कुदळीने तोडायचे, झुडूप खोडासकट उपटून घ्यायचे आणि मुळे वर, फांद्या खाली अशा स्थितीत उलटे ठेवून वाळू द्यायचे. उलटे अशासाठी, की ओलसर मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरू शकते. या कामाला दोन माणसे, एक टिकाव, एक लांब दांड्याचा आकडा आणि जाड हातमोजे पुरतात. माती फारशी उकरली जात नसल्यामुळे उताराचीही हानी होत नाही. पाऊस पडून जमीन मऊ झालेली असावी, पण फळे पिकलेली नसावीत, अशी वेळ साधावी. फळे धरलेली असतील, तर ती आधी पोत्यात काढून जाळून टाकावीत.

उलटे करून ठेवलेले झुडूप जनावरांच्या वाटेत राहता कामा नये, याची खूणगाठ बांधा. पान वाळल्याने विष जात नाही. उलट, एरवी काट्यांमुळे न पोहोचणारा पाला तोडल्यावर तोंडाशी येतो. कुंपणाची छाटणी गोठ्याशेजारी टाकल्याने आणि तीच ओरबाडल्याने बाधा होऊ शकते. पूर्ण वाळलेले ढीग सरपणाला वापरता येतात. कर्नाटकातील मलई महादेश्वर डोंगरातील सोलिगा आदिवासी कारागीर याच खोडांपासून वेतासारख्या खुर्च्या-मेजे बनवतात, तेव्हा तिचा अगदीच उपयोग नाही असे म्हणता येणार नाही. पण तुमच्या एका माळावरच्या मालावर तो धंदा उभा राहील अशी आशा मी दाखवणार नाही.

तणनाशकाबाबत मी नाखूश आहे. ज्या ग्लायफोसेटचे नाव दुकानदार सर्वप्रथम घेतो, त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली होती. कायदा बाजूला ठेवला तरी उंच, काटेरी झुडपावर वरून फवारलेले औषध वाऱ्याने शेजारच्या पिकावर आणि उताराने पाणवठ्यात जाते, झुडूप मात्र अर्धवट वाळून पुन्हा फुटते. त्याच झुडपाचा फवारलेला, कोमेजलेला पाला जनावराने खाल्ला तर विष दुप्पट. काही वाचक किडे सोडण्याविषयी विचारतात. घाणेरीवर जगणारी एक बिया खाणारी माशी भारतात १९२१ मध्ये आणि एक ढेकूण १९४१ मध्ये परदेशातून आणला गेला. घाणेरी आज कुठवर पोहोचली आहे ते आपण पाहतोच आहोत.

सारा माळ एका हंगामात मोकळा करण्याचा हट्टही धरू नका. पहिल्या वर्षी तीनच जागा घ्या: गोठ्याभोवतीचा घेर, माळावर जाण्याची वाट आणि पाणवठ्याचा काठ. भुकेले किंवा थांबून राहिलेले जनावर याच ठिकाणी तोंड घालते. त्यापुढे वरून खाली, एकेक पट्टा साफ करत यावे आणि साफ केलेला पट्टा त्याच पावसात गवताखाली आणावा. मारवेल किंवा पवन्याचे ठोंब लावावेत, उथळ मुरमाड जागेत स्टायलो या द्विदल चाऱ्याचे बी विस्कटावे, आणि त्या पट्ट्यात पहिले वर्ष जनावर सोडू नये, नुसते गवत कापून आणावे. रिकामी ठेवलेली जमीन घाणेरीची असते. पुढची दोन-तीन वर्षे पावसाळ्यात एक फेरी रोपे उपटण्यासाठी मारावी लागते आणि ती रोपे कुठे शोधायची हेही ठरलेले आहे. बुलबुलांसारखे पक्षी फळे खाऊन झाडावर बसतात आणि बी खाली पडते, म्हणून एकेकट्या आंबा, जांभूळ, बाभळीच्या बुंध्याशी आणि ओघळीच्या कडेने ती दाटीने उगवतात. वीतभर रोप हाताने निघते, कमरेएवढे झाले की पुन्हा कुदळ लागते.

माळ जर गायरान असेल, तर हे काम तुमचे एकट्याचे नाही आणि एकट्याच्या जोरावर ते करूही नये. ग्रामसभेत चारा विकासाचा ठराव मांडा, रोजगार हमीच्या आराखड्यात घाणेरी काढून गवत लावण्याचे काम बसते का ते ग्रामसेवक आणि रोजगारसेवकांना विचारा, आणि वरची हद्द वनविभागाची असेल तर त्यांची परवानगी आधी घ्या. ठराव करताना चराई बंद ठेवायचा पट्टा कोणता आणि गवत कापण्याचा हक्क कोणाला, हे लिहून घेतले नाही, तर पहिल्याच ऑक्टोबरात भांडण उभे राहते.

चुलतभावावर तक्रार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने तुमच्या कालवडी मारण्यासाठी कुंपण लावलेले नाही, रानडुकरांपासून भुईमूग वाचवण्यासाठी ते ठेवले आहे, आणि तुम्हीच लिहिता त्याप्रमाणे माळावरही घाणेरी जागोजाग आहे. कोणत्या झुडपाचे पान कोणत्या कालवडीच्या पोटात गेले, हे आता कोणीही सिद्ध करू शकणार नाही. तक्रारीने मिळेल ते फक्त वैर, आणि पुढे गायरानाच्या ठरावाला तुम्हाला त्याचाच हात वर व्हायला हवा आहे. त्याच्याकडे ‘तुझे कुंपण काढ’ असे म्हणत न जाता ‘तुझे कुंपण बदलू, पहिला हात माझा’ असे म्हणत जा. एका पावसाळ्यात बांधाच्या बाहेरच्या अंगाला चिल्लार किंवा सागरगोटा आणि आतल्या अंगाला निर्गुडी लावावी. पहिल्या दोन्ही काटेरी वेली डुकराला अडवतात आणि निर्गुडीला जनावरे तोंड लावत नाहीत. ती कुंपणे वर येईपर्यंत, म्हणजे दोन वर्षे तरी, घाणेरी राहू द्यावी, फक्त माळाकडे झुकलेली बाजू जनावराच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर छाटून घ्यावी आणि छाटण उचलून न्यावे. एक इशारा मात्र दोघांनाही. घाणेरी काढून तिच्या जागी कण्हेर, बेशरम किंवा मोगली एरंड लावण्याचा मोह होईल, कारण तीही सहज लागतात आणि जनावरे त्यांना टाळतात असे म्हणतात. कण्हेरीची थोडीशी पानेही गाईचे हृदय बंद पाडू शकतात, आणि बेशरमीची तर शेळ्यांना चटकच लागते व पुढे त्यांचा तोल जाऊ लागतो. त्यापेक्षा घाणेरीच बरी म्हणण्याची पाळी येईल.

राहिला जनावरे विकण्याचा प्रश्न. तो आत्ता, या महिन्यात, सोडवू नका. आजारी जनावराला भाव मिळत नाही, आणि तिची बाधा सांगून विकावी तर कोणी घेत नाही, न सांगता विकणे तुम्हाला रुचणार नाही. ती वाचली, तर पुढच्या दोन महिन्यांत तिचे खाणे, वजन आणि माज यांवरून यकृत किती सावरले ते कळेल, आणि गाभण राहण्याआधी डॉक्टरांकडून तिची रक्ततपासणी करून घ्यावी. तिसरी धडधाकट कालवड आणि गावठी गाई यांच्यावर गोठा चालवण्याचे आर्थिक गणित चाऱ्याचा खरा खर्च धरून मांडा. घरचे गवत फुकट आहे असे समजून मांडलेल्या हिशेबानेच तुम्हाला जूनमध्ये दगा दिला. वर्षभराचा कोरडा चारा विकत घेऊनही दुधाचा पैसा उरत नसेल, तर संख्या कमी ठेवणे हा पराभव नाही, आणि नोकरीची वाटही त्या वेळी मोकळ्या मनाने पाहता येईल.

पाय बरा झाल्यावर तिसऱ्या कालवडीला एकदम मोकळे सोडू नका. गवत गुडघ्याएवढे वाढू द्या, सकाळी पोटभर कडबा देऊन दुपारनंतर तास-दीड तास, जुन्या गावठी गाईच्या जोडीने आणि स्वतः मागे राहून तिला चारा. पहिल्या दोन आठवड्यांत रोज संध्याकाळी तिचे शेण आणि डोळे पाहा. ती घाणेरीला हुंगून पुढे जाते आहे असे सलग दिसल्यावरच वेळ वाढवा.